केळं खायच्या आधी तीन सेकंद

आमच्या ठाण्याच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक आजी राहायच्या. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू असतात ना, त्यातल्या. मी लहान असताना दुपारी त्यांच्याकडे गेले की एक केळं मला द्यायच्या आणि एक स्वतः घ्यायच्या, माझं अर्धं संपायचं तरी ह्यांचं सोललेलं केळं हातातच, ओठ जरासे हलायचे, काहीतरी पुटपुटायच्या आणि मग पहिला घास. सफरचंद असलं की पुटपुटणं वेगळं. मी ऐकून ऐकून दोन्ही पाठ केली होती आणि एकदा सफरचंद हातात घेऊन केळ्याचं म्हणून दाखवलं, तर आजी हसल्या नाहीत, अगदी मनापासून समजावल्यासारखं म्हणाल्या, "ते केळ्याचं गं. केळ म्हणजे झाड नव्हे."

हे वाक्य माझ्या डोक्यात पंचवीस-तीस वर्षं अडकून राहिलंय. पुढे त्यांच्या धर्माबद्दल जमेल तसं वाचत गेले, सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात जाऊन बसले, लोकांना विचारून विचारून भंडावून सोडलं, आणि आता असं वाटतं की ज्यू धर्म समजून घ्यायला त्या एका वाक्यापासून सुरुवात केली तरी चालेल. आपल्याकडे ज्यू म्हटलं की लोकांना हिटलर आठवतो नाहीतर इस्रायलच्या बातम्या, आणि तो सगळा इतिहास मोठा आहेच, पण सकाळी उठणं, हात धुणं, जेवणं, दुकान बंद करणं, शेजाऱ्याशी भांडण मिटवणं ह्या रोजच्या गोष्टींमध्ये देव कुठे असतो ह्याचं त्यांचं जे उत्तर आहे ते फार कमी लोकांना माहितीये, म्हणून हे लिहितेय.

तर केळं. कोकणातल्या कुठल्याही माणसाला विचारा, केळीचा घड उतरवला की ती केळ कापून टाकतात, त्या खोडाला परत घड येत नाही, शेजारी जे पिल्लू फुटतं त्याला येतो. ज्यूंच्या धर्मशास्त्रात झाड कशाला म्हणायचं तर ज्याचं खोड टिकतं आणि पुढच्या वर्षी परत फळ देतं त्याला. आंबा, सफरचंद, पेरू, डाळिंब ही झाडाची फळं, त्यांच्या आधी म्हणायचं की हे देवा, विश्वाच्या राजा, तू धन्य आहेस, तू झाडाचं फळ निर्माण करतोस. गाजर, बटाटा, काकडी खाताना म्हणायचं की तू जमिनीचं फळ निर्माण करतोस. आणि केळं ह्या हिशोबात गाजर-बटाट्याच्या बाजूला जातं. पपईवरून तर अजून वाद चालतो म्हणे, की हिला झाड म्हणायचं का नाही. भाकरीला, पावाला वेगळं वाक्य, द्राक्षाच्या रसाला वेगळं, पाण्याला वेगळं, फुलाचा वास घेण्याआधी वेगळं, वीज चमकली की वेगळं. ह्या वाक्यांना बराखा म्हणतात, आपण आशीर्वचन किंवा स्तुती म्हणू शकतो.

आता पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल की काय हा किस काढणं, देवाला काय फरक पडतो केळं कुठल्या कप्प्यात टाकलं तर. मलाही तसंच वाटायचं. पण स्वतः करून बघा, हातात काहीही खायचं घ्या आणि फक्त एवढंच ठरवायचा प्रयत्न करा की हे झाडावर लागलं का जमिनीत, का कुणीतरी दळून मळून भाजलं. तीन सेकंद लागतात. पण त्या तीन सेकंदात तुम्हाला त्या वस्तूकडे बघावंच लागतं, ती कुठून आली तिथपर्यंत मनाने जाऊन यावं लागतं, मोबाइल बघत बघत तोंडात टाकता येत नाही. बरोबर वाक्य म्हणायचं असेल तर आधी बरोबर बघायला लागतं, सगळी मेख इथेच आहे.

तालमूद म्हणून त्यांचा जो चर्चांचा प्रचंड ग्रंथ आहे त्यात ह्यावर एक सुंदर वाद आहे. बायबलातल्या स्तोत्रांमध्ये एके ठिकाणी लिहिलंय की पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं परमेश्वराचं आहे, आणि दुसरीकडे लिहिलंय की स्वर्ग परमेश्वराचा पण पृथ्वी त्याने माणसांना दिली. मग नक्की कुणाची? उत्तर असं की दोन्ही खरं, बराखा म्हणायच्या आधी सगळं देवाचं असतं आणि म्हटल्यावर तुमचं होतं. म्हणजे न म्हणता खाल्लं तर देवाच्या मालकीचं उचलून खाल्ल्यासारखं. आजींना मी एकदा विचारलं होतं की तुम्ही काय पुटपुटता, तर त्यांनी तालमूदचं नाव पण घेतलं नाही, म्हणाल्या, "ज्याचं आहे त्याला विचारून घेते." मला नंतर ते पान वाचताना अंगावर काटा आला, दीड हजार वर्षांपूर्वीच्या पंडितांचं अख्खं डिस्कशन ह्या बाईने एका वाक्यात उरकलं होतं.

दिवसाला अशा शंभर बराखा म्हणाव्यात असं रब्बी (म्हणजे धर्मगुरू) मेइर ह्यांचं म्हणणं तालमूदमध्ये आहे. शंभर ऐकून दचकायला होतं पण तीन वेळच्या प्रार्थनेत उभं राहून म्हणायची जी मुख्य प्रार्थना असते तिच्यात एकोणीस आहेत, म्हणजे तिथेच सत्तावन्न झाल्या, बाकीच्या उठण्या-बसण्यात, खाण्या-पिण्यात होऊन जातात. शनिवारी ती मुख्य प्रार्थना छोटी असते, सातच बराखांची, त्यामुळे आकडा कमी पडतो, मग तो भरून काढायला लोक मुद्दाम जास्तीची फळं आणि खाऊ खातात. देवाची आठवण पूर्ण करायला फळं खा असं सांगणारा नियम मला तरी फार आवडतो.

आणि ह्या बराखांमध्ये एक आहे ती संडासातून बाहेर आल्यावर हात धुऊन म्हणायची. हो, खरंच. तिचा भावार्थ असा की तू माणसाला शहाणपणाने घडवलंस, त्याच्यात छिद्रं आणि पोकळ्या ठेवल्यास, आणि ह्यातलं एखादं बंद असायचं ते उघडलं किंवा उघडं असायचं ते बंद झालं तर तुझ्यासमोर क्षणभरही उभं राहता येणार नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थोडं ऑकवर्ड वाटलं, देव आणि संडास एकत्र आणायची आपल्याला सवय नाही. मग माझ्या बाबांचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर लघवी सुटेना, दोन दिवस आम्ही सगळे, म्हणजे आई, मी, भाऊ, काका, एका माणसाला लघवी कधी होते ह्या एकाच गोष्टीची वाट बघत बसलो होतो, नर्सताई पिशवी बघायला आली की सगळे तिच्या तोंडाकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी पहाटे झाली आणि आई खुर्चीत बसून रडली. त्या दिवशी मला ती बराखा कळली. कुणीतरी हे आधीच ओळखून रोजच्या रोज म्हणायला सांगून ठेवलंय, सगळं नीट चालू असताना.

सकाळी डोळे उघडल्या उघडल्या म्हणायचं एक वाक्य आहे, की जिवंत आणि शाश्वत राजा, तू माझा जीव मला परत दिलास, तुझा माझ्यावरचा विश्वास मोठा आहे. अजून हात धुतलेले नसतात म्हणून ह्या वाक्यात देवाचं नाव येत नाही, नुसता "राजा" म्हणायचा, म्हणजे अंथरुणात पडल्या पडल्या, पारोशा तोंडाने म्हणता येतं. आणि नीट वाचा, इथे देवाचा माणसावर विश्वास आहे, की ह्याला अजून एक दिवस देऊन बघू. सकाळी सहाच्या लोकलला पळणाऱ्या माणसाला सुद्धा एवढं झेपेल असं वाटतं.

आता शनिवारकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे आणि ती आपल्या मातीतली आहे.

बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, नवगावला ते दफनस्थान आणि स्मारक आजही आहे. सामान वाहून गेलं, धर्मग्रंथ गेले, काही पिढ्यांत हिब्रू भाषा पण गेली. कोकणातल्या गावागावात पसरले, गावांवरून आडनावं पडली, पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, आणि धंदा घेतला तेल गाळायचा. गावात तेली आधीच होते, मग ह्यांना वेगळं कसं ओळखायचं? तर हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून नाव पडलं शनिवार तेली. विचार करा, पुस्तक नाही, रब्बी नाही, सिनेगॉग नाही, आपण ज्यू आहोत हा शब्दसुद्धा विसरलेले, पण आठवड्यातून एक दिवस बैलाला जुंपायचं नाही हे शेकडो वर्षं लक्षात राहिलं.

शनिवारी काय करायचं नाही ह्याचे 39 प्रकार आहेत. नांगरणं, पेरणं, कापणी, मळणी, पाखडणं, दळणं, मळणं, भाजणं, विणणं, गाठ मारणं, लिहिणं, खोडणं, विस्तव पेटवणं, विझवणं, एका जागेतून दुसरीकडे ओझं नेणं असं सगळं. ईजिप्तमधून सुटल्यावरच्या रानातल्या भटकंतीत देवासाठी जो तंबू उभारला त्याला जी कामं लागली ती ही यादी. ह्यात मला सापडलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पिळून रस किंवा तेल काढणं ह्याचा वेगळा नंबर नाही, ते मळणीच्या खाली येतं, कारण मळणीत टरफलाच्या आतला दाणा बाहेर काढतात आणि पिळताना आतलं तेल बाहेर काढतात, काम एकच. शास्त्रातलं ह्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे ऑलिव्ह आणि द्राक्षं. म्हणजे ज्यांच्याकडे ह्या यादीतलं एक अक्षर नव्हतं त्या कोकणातल्या तेल्यांनी शनिवारी नेमकं तेच बंद ठेवलेलं.

शब्बाथ, म्हणजे हा शनिवार, शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो कारण ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, बायबलात सृष्टीच्या कथेत "संध्याकाळ झाली, सकाळ झाली, पहिला दिवस" असं म्हटलंय त्यावरून. आजींचा शुक्रवार म्हणजे दुपारपासून घाई, मटण आलं असेल तर ते नारळाच्या दुधात, कारण त्यांच्यात मटण आणि गाई-म्हशीचं दूध-दही एका जेवणात चालत नाही आणि कोकणात नारळ हाताशी, काळ्या मनुका भिजत घालून कुस्करून केलेलं सरबत, हे वाइनच्या जागी. आणि मग सूर्य बुडायच्या थोडं आधी दिवे. इथे एक बारीक गोष्ट आहे. एरवी बराखा आधी आणि कृती नंतर, केळ्यासारखं. पण दिव्याची बराखा म्हटली की शब्बाथ लागला, आणि शब्बाथ लागल्यावर विस्तव पेटवता येत नाही. मग काय करायचं? आधी दिवे लावायचे, लगेच दोन्ही हातांनी डोळे झाकायचे, जणू दिवे अजून बघितलेच नाहीत, झाकल्या डोळ्यांनी बराखा म्हणायची, आणि हात बाजूला केले की समोर उजेड. मी लहानपणी दारात उभी राहून हे बघायचे आणि मला वाटायचं आजी रडतायत. रडत नव्हत्या, पण बराखा झाली तरी बराच वेळ हात काढायच्या नाहीत, मुलं परदेशी होती, एकेकाचं नाव घेत असणार.

त्यानंतर पंचवीस तास गॅस पेटवायचा नाही, पैशाला हात लावायचा नाही, लिहायचं नाही, सगळेच एवढं पाळतात असं नाही, घराघरात कमीजास्त असतं, पण कल्पना अशी की सहा दिवस तुम्ही जगात काहीतरी बदलत असता, बनवत असता, विकत असता, आणि सातव्या दिवशी जग आहे तसं पुरेसं आहे असं समजून वागायचं. घरातल्या नोकराला सुट्टी, बैलाला पण सुट्टी, हे दहा आज्ञांमध्येच लिहिलंय. आपल्याला रविवारची सुट्टी असते पण त्या दिवशी आपण आठवड्याचा बाजार, बँकेची कामं, मुलांचे क्लास, पंखे पुसणं असं सगळं काढतो आणि सोमवारी जास्त दमलेले असतो. एक मात्र आहे, कुणाचा जीव धोक्यात असेल तर शब्बाथ मोडायचा, मोडायलाच पाहिजे, त्यात शंका काढत बसणं पण चुकीचं मानतात.

शनिवारी रात्री तीन तारे दिसले की संपतो. तेव्हा वेणीसारखी वळलेली मेणबत्ती लावतात, सुगंधी मसाल्याचा वास घेतात कारण जाणाऱ्या शब्बाथची हुरहूर लागते म्हणून, आणि त्या उजेडात आपल्या हाताची नखं बघतात. उजेडाची बराखा म्हणायची तर त्या उजेडाचा काहीतरी उपयोग व्हायला हवा म्हणून. परत केळ्यासारखंच, नुसतं म्हणून भागत नाही, आधी बघायला लागतं.

पुढे डेव्हिड रहाबी नावाचा बाहेरचा ज्यू माणूस ह्या तेल्यांना भेटला अशी कथा आहे. ह्यांचे पूर्वज ज्यूच का, अशी त्याला शंका होती, म्हणून बायकांना वेगवेगळे मासे मिसळून शिजवायला दिले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे बाजूला काढले, बाकीचे आम्ही खात नाही म्हणाल्या. त्याला खात्री पटली. ह्याशिवाय मुलांची सुंता आणि "ऐक, हे इस्राएला, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच" ही शेमा नावाची प्रार्थना, एवढंच शिल्लक होतं, पण ते पक्कं होतं. त्या शेमाच्या पुढच्याच ओळींमध्ये लिहिलंय की ह्या गोष्टी घरात बसताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना बोला आणि दाराच्या खांबांवर लिहा. म्हणून ज्यू घराच्या दाराला एक छोटी नळी ठोकलेली असते, आत चामड्यावर हाताने लिहिलेली हीच वचनं, आत-बाहेर करताना तिला हात लावून बोटं ओठाला लावायची. ती नळी उभी लावायची का आडवी ह्यावर फ्रान्समध्ये राशी नावाचा मोठा भाष्यकार आणि त्याचा नातू ह्यांचं एकमत झालं नाही, तेव्हा युरोपातल्या बऱ्याच ज्यूंनी ती तिरकी लावली. आजोबा-नातवाचं भांडण प्रत्येक दारावर तसंच ठेवून दिलंय, कुणीच हरलं नाही.

सणांबद्दल लिहायला बसले तर संपणार नाही, पण बेने इस्रायलांनी सणांना जी मराठी नावं दिली होती ती तरी ऐका. नवीन वर्ष म्हणजे नव्याचा सण. पुरीम म्हणजे होळीचा सण, कारण दोन्ही त्याच सुमारास येतात, आणि त्या दिवशी घरोघरी पुरणपोळी. उपासाचा एक दिवस बिरड्याचा रोजा, जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाचा, त्याची सांगता वालाच्या बिरड्याने. हानुक्काला, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर परत मिळवल्याच्या दिव्यांच्या सणाला मात्र जुनं मराठी नावच नाही, त्यांचं म्हणणं असं की आमचे पूर्वज निघाले तेव्हा ती घटना घडलीच नव्हती. त्यांचे महिने चंद्राचे आणि ऋतू गाठायला 19 वर्षांत सात वेळा एक महिना जास्तीचा धरतात, आपल्या अधिक महिन्यासारखाच, त्यामुळे आपल्या आणि त्यांच्या सणांची गाठ सारखी पडत राहते.

ह्या सगळ्यात मला जवळचा वाटतो तो दारफाळणीचा सण. हा योम किप्पूर, वर्षातला सगळ्यात पवित्र दिवस. पंचवीस तास पाणी पण नाही, पांढरे कपडे, आणि जुने लोक घराची दारं लावून आत बसायचे म्हणून हे नाव. त्या दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेचं हिब्रू नाव आहे नेइला, म्हणजे पण बंद होणं, स्वर्गाची दारं बंद व्हायच्या आधी शेवटची हाक. आता ह्या दिवशी पापांची माफी मिळते हे बरोबर, पण मिश्ना नावाच्या त्यांच्या जुन्या ग्रंथात एक अट घातलीये जी मला फार प्रामाणिक वाटते. माणूस आणि देव ह्यांच्यातली पापं हा दिवस धुऊन टाकतो, माणूस आणि माणूस ह्यांच्यातली नाही, त्यासाठी आधी त्या माणसाकडे जाऊन त्याची समजूत काढायला लागते. देव मध्ये पडत नाही. मैमोनिडीज ह्या बाराव्या शतकातल्या पंडिताने पुढे लिहिलंय की तो माणूस ऐकत नसेल तर बरोबर तीन जण घेऊन जा, परत जा, तिसऱ्यांदा जा, आणि तरी त्याने माफ केलं नाही तर आता दोष त्याचा.

आमच्या घरी हे कसं आलं सांगते. आमच्या बाथरूममधून आजींच्या स्वयंपाकघरात पाणी झिरपायचं, त्यावरून आई आणि आजी ह्यांचं जोरात भांडण झालं होतं आणि मे महिन्यापासून बोलणं बंद. सप्टेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी आजी जिना चढून वर आल्या, दम लागलेला, आत पण आल्या नाहीत, उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "वर्षभरात मी काय वेडंवाकडं बोलले असेन तर माफ कर, उद्या आमची दारफाळणी आहे." आईला काय बोलावं सुचेना, तिने आधी त्यांना पाणी दिलं, मग म्हणाली अहो पाणी तर आमचंच गळत होतं. आजी म्हणाल्या, "ते प्लंबर बघेल. मी बोलले त्याचं विचारतेय." उपास सुटल्यानंतरच्या दिवसाला बेने इस्रायली शिळा सण म्हणायचे, त्या दिवशी दानधर्म आणि एकमेकांकडे जाणं. आईने त्या दिवशी खाली डबा पाठवला आणि आठवड्यात बाथरूमच्या फरश्या उकरल्या.

पाचच दिवसांनी सुक्कोथ येतो, सुगीचा सण. धान्य घरात आलंय, आता जरा निवांत, तर नेमकं तेव्हाच घर सोडून सात दिवस मांडवात राहायचं, निदान जेवायचं तरी. छप्पर जमिनीतून उगवून कापलेल्या गोष्टीचंच पाहिजे, आपल्याकडे अर्थात माडाच्या झावळ्या, आणि ते इतकं दाट नको की मधून तारे दिसायचेच नाहीत. भरलेल्या कोठारासमोर बसून झावळ्यांतून आकाश बघायचं, की आपलं पक्कं घर सुद्धा कितपत पक्कं आहे. पाऊस आला तर उठून घरात जायची परवानगी आहे, कधी, तर ताटातली पेज खराब व्हायला लागली की. एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञानाच्या सणात पेजेचा विचार केलेला आहे.

आणि पेसाह, म्हणजे वल्हांडण. ईजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण, तेव्हा पीठ फुगायला पण वेळ नव्हता म्हणून बिनखमिराची भाकरी, मत्सा, खायची आणि घरात खमीर आलेलं काहीही ठेवायचं नाही. आदल्या रात्री दिवा घेऊन कोपरे शोधायचे, पीस आणि लाकडी चमचा घेऊन कण गोळा करायचे, मुलांना शोधायला मजा यावी म्हणून पावाचे दहा तुकडे आधी मुद्दाम लपवून ठेवतात. त्यांचे गुरू सांगतात की फुगलेलं पीठ म्हणजे फुगलेला मीपणा, तो पण शोधायचा. रात्री जेवणाच्या टेबलावर गोष्ट सांगायची पण सुरुवात सगळ्यात लहान मुलाच्या प्रश्नापासून, की आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का. मूल नसेल तर बायको विचारते, आणि माणूस एकटाच असेल तर त्याने स्वतःलाच मोठ्याने विचारायचं, हे तालमूदमध्येच आहे. प्रश्न विचारल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही. ह्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासकट 1846 साली मुंबईत छापली गेलीये, आणि 1874 साली पुण्यात छापलेल्या प्रतीत तर चित्रं आहेत, साड्या नेसलेल्या बाया मत्सा भाजतायत. गुलामांना ईजिप्तमधून बाहेर काढणाऱ्या मोझेसची गोष्ट आणि आपल्या बायका, एका पानावर.

आणि मलिदा राहिलाच. हा जगातल्या इतर ज्यूंकडे अशा रूपात नाही, खास बेने इस्रायलांचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, वरती आणि भोवती फळं, मोठ्या ताटात. नवस फेडताना, लग्नाच्या आधी, नव्या घरात, परीक्षेत पास झालं तरी, सगळे ताटाभोवती बसून एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका कातळावरच्या खुणा ह्या एलियाहूच्या रथाच्या आणि घोड्याच्या टापांच्या आहेत अशी श्रद्धा आहे, लोक तिथे जाऊन मलिदा करतात. गाणं झालं की फळं वाटायची, आणि मग परत तेच, खजुराची, सफरचंदाची एक बराखा आणि केळ्याची दुसरी. सगळं बिऱ्हाड थांबतं, आज्यांपासून पोरांपर्यंत, हातात फळ धरून.

लोक विचारतात की मग आपण पण हे सुरू करायचं का. मला विचाराल तर त्यांची बराखा त्यांचीच आहे, हजारो वर्षं सांभाळलीये, आपण उगाच उचलून वापरू नये. पण थांबायला कुणाची परवानगी लागत नाही. मी आता काही खाताना बघते हे कुठून आलं, एवढंच करते, रोज जमतं असं पण नाही.

आजी पुढे मुलाकडे इस्रायलला गेल्या. हजारो बेने इस्रायली तिकडे गेलेत, तिथे मराठीत मायबोली नावाचं नियतकालिकसुद्धा काढलं गेलंय. मोसमातलं पहिलं फळ खाताना त्यांची अजून एक बराखा असते, ज्याने आम्हाला जिवंत ठेवलं, सांभाळलं आणि ह्या वेळेपर्यंत आणून पोचवलं त्याची. ठाण्यात ती पहिल्या हापूसला व्हायची. तिकडे आंबा येतो पण हापूस नाही, आणि उशिरा, जून-जुलैमध्ये. गेल्या वर्षी मी व्हिडिओ कॉल केला तर नातीने चिरून दिलेल्या फोडी समोर होत्या, आजी आता नव्वदीच्या पुढे, मला ओळखायला थोडा वेळ लागला. मी विचारलं कसा आहे आंबा. त्या म्हणाल्या, "थांब गं, अजून म्हटली नाही." मग स्क्रीनवर नुसते ओठ हलताना दिसले, आधी झाडाची, मग मोसमाची, आणि मग त्यांनी फोड उचलली.